रोजची सिगार: परवडणारी, मिडियम, आणि ठाण्याच्या पावसाळ्यात टिकणारी

गेल्या मे महिन्यात सुरू केलं आणि आता होळी झाली, म्हणजे उन्हाळ्याचं टोक, अख्खा पावसाळा, ऑक्टोबर हीट आणि आपल्याकडे थंडी म्हणून जे काही पडतं ते, सगळ्यातून एकाच प्रकारची सिगार ओढून झाली, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही. प्रकार असा: निकाराग्वाची, हातानं वळलेली, लाँग फिलर, पेटी कोरोना (यातलं 'पेटी' म्हणजे फ्रेंच petit, छोटी) साइज, वरचं पान हबानो जातीचं, खोक्याऐवजी बंडलमध्ये येणारी. ब्रँडचं नाव मुद्दाम देत नाही, कारण इथे इंपोर्टरनं आणलेला लॉट संपला की पुढच्या वेळी तोच ब्रँड मिळेल याची काही खात्री नाही, मलाच मध्ये कंपनी बदलावी लागली आणि खरं सांगायचं तर फार फरक पडला नाही. प्रकार पक्का करा, ब्रँडच्या मागे लागू नका, माझं म्हणणं एवढंच आहे, खाली जे लिहिलंय ते का आणि कसं.

बजेट माझं एका नगाला सहाशेच्या आत. इंटरनेटवर स्वस्त सिगारच्या याद्या शोधल्या तर नव्वद टक्के अमेरिकन लोकांच्या असतात आणि त्या आपल्या काही कामाच्या नाहीत. एक तर 1962 पासून तिकडे क्यूबाच्या मालावर बंदी, त्यामुळे यादीत क्यूबन नावालाही नाही, आणि दुसरं म्हणजे त्यांना जी पाच डॉलरला मिळते तिच्यावर आपल्याकडे कस्टम, टॅक्स आणि दुकानदाराचं मार्जिन चढून ती स्वस्त राहतच नाही. आपल्याकडे उलट काही स्वस्त क्यूबन मिळून जातात, होसे पिएद्रा किंवा क्विंतेरो वगैरे. वाईट अजिबात नाहीत, मातकट, गावरान चव आहे, ज्यांना ती आवडते ते दुसरं काही ओढत नाहीत. पण त्या शॉर्ट फिलर, म्हणजे आत पानांचे तुकडे. मला लाँग फिलर हवी होती, ज्यात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अख्खी पानं दुमडलेली असतात, ती सावकाश आणि थंड जळते, राखही पटकन पडत नाही, आणि बाल्कनीत बसणाऱ्या माणसाला राखेचं महत्त्व खालच्या मजल्यावरचे लोक समजावून सांगतात. मोठ्या क्यूबन नावांचा विषय तर सोडूनच द्या, 2022 मध्ये कोहिबा आणि त्रिनिदादचे दर जगभर हाँगकाँगच्या महागड्या पातळीला नेले, त्यानंतर त्या लग्नात नवरदेवाच्या मित्रांनी फोटोसाठी ओढायच्या राहिल्यात.

टपरीवर मिळतात त्या व्हॅनिला-कॉफीवाल्या मशीनच्या सिगारिलोंबद्दल मी बोलत नाहीये, तो वेगळाच प्रकार. आणि आपली त्रिची-दिंडीगुलची चिरूटही ओढून बघितली, किमतीत कोणी तिचा हात धरू शकत नाही, ठेवायचीही कटकट नाही, पण मिडियम, म्हणजे मध्यम ताकदीची, म्हणून रोज ओढायला जाल तर दुसऱ्याच दिवशी डोकं धराल, फार तिखट.

आता साइज, कारण माझ्या मते चवीपेक्षा आधी हे ठरवायला पाहिजे. जाडी रिंग गेजमध्ये मोजतात, एक गेज म्हणजे इंचाचा चौसष्टावा भाग. रोबुस्तो ही सगळीकडे दिसणारी साइज, साधारण पाच इंच लांब आणि 50 गेज, म्हणजे जवळजवळ 20 मिलिमीटर जाड. ती नीट ओढायला पाऊण तास ते तास लागतो. पेटी कोरोना लांबीला तेवढीच पण 42 गेज, अर्ध्या-पाऊण तासात होते. रात्री जेवण झाल्यावर, भांडी आवरल्यावर, दुसऱ्या दिवशी सकाळी लोकल पकडायची असलेल्या माणसाकडे तेवढाच वेळ असतो, आणि रोबुस्तो अर्धी टाकून देण्यापेक्षा पेटी कोरोना पूर्ण ओढलेली परवडते. क्यूबन मोंतेक्रिस्तो नंबर 4 ही याच मापाची, वर्षानुवर्षं खपणारी, त्यामुळे साइज काही कमीपणाची नाही. बारीक सिगारमध्ये आतल्या पानांच्या मानानं वरच्या पानाचं प्रमाण जास्त येतं, म्हणून स्वस्त असली तरी रॅपर चांगलं असेल तर चव बऱ्यापैकी लागते. एक तोटा आहे, घाई केली की बारीक सिगार लगेच तापते आणि कडवट होते. मिनिटाला एक झुरका, त्याच्यापेक्षा जास्त नाही.

मिडियम कशी ओळखायची? रंगावरून तर मुळीच नाही. काळीभोर मादुरो बघून लोक घाबरतात, पण तो रंग जास्त वेळ मुरवल्यामुळे येतो आणि बऱ्याचदा ती गोडसर असते, उलट फिकट तपकिरी दिसणारी एखादी तुम्हाला खाली बसवेल. ताकद येते आतल्या पानांमधून. झाडाच्या शेंड्याकडची पानं म्हणजे लिजेरो, त्यांना ऊन जास्त मिळतं, जाड असतात, निकोटिन जास्त आणि जळायला हळू. मधली सेको, वासासाठी. खालची वोलादो, नीट पेटत राहावी म्हणून. मिडियम म्हणजे ज्यात लिजेरो आहे पण बेतानं. निकाराग्वाच्या सिगार सरसकट कडक असं सगळे म्हणतात, त्यात तिथल्या एस्तेली भागातल्या पानाला जोर असतो हे खरं, पण जालापाच्या बाजूचं पान गोडसर आणि मऊ असतं आणि बंडलवाल्या कंपन्या दोन्ही मिसळतात, त्यामुळे दुकानदाराला ब्लेंडमध्ये काय काय आहे ते विचारा. त्याला सांगता आलं नाही तर दुसऱ्या दुकानात जा, सरळ. डोमिनिकनही बघितल्या, कनेक्टिकट रॅपरच्या, म्हणजे वरचं पान फिकट आणि सौम्य, सकाळच्या कॉफीबरोबर मस्त, पण रात्री मटणानंतर काही ओढलंय असंच वाटेना.

माझ्या सिगारची चव: पहिल्या इंचात मिरी, नाकातून थोडा धूर सोडला तर जास्त जाणवते. मग मिरी उतरते आणि भाजलेल्या शेंगदाण्यासारखं काहीतरी, थोडं लाकूड, कोको. शेवटचा दीड इंच मी ओढत नाही, तिथे नुसता जोर आहे. दुधाचा चहा बरोबर नको, जिभेवर साय बसल्यावर काही कळत नाही. काळी कॉफी किंवा नुसता गूळ टाकलेला कोरा चहा. आणि रिकाम्या पोटी अजिबात नाही, गरगरायला लागलं तर चमचाभर साखर खायची आणि गप पडून राहायचं.

पावसाळ्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण सिगारच्या निम्म्या तक्रारी आपल्याकडे सिगारच्या नसून हवेच्या असतात. सिगारला पाहिजे 65 ते 70 टक्के आर्द्रता. घोडबंदर रोडला जुलैमध्ये खिडकी उघडी ठेवलीत तर हवेत त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त असते. सिगार पाणी पिऊन फुगते, झुरका ओढताना गाल दुखतात, सारखी विझते, एका बाजूनं जळते, आणि माणूस म्हणतो माल खराब. सिगार ठेवायची महागडी लाकडी पेटी, म्हणजे ह्युमिडॉर, घेऊ नका. स्वयंपाकघरातला घट्ट झाकणाचा, रबराची कड असलेला प्लास्टिकचा डबा, आधी धुऊन चार दिवस उघडा ठेवून मसाल्याचा वास घालवलेला, आणि आत बोवेडा कंपनीचं 65 टक्के आर्द्रता राखणारं पाकीट, बास. 72 चं पाकीट लाकडी पेटीसाठी, कारण लाकूड स्वतः ओलावा पितं. प्लास्टिकमध्ये ते टाकलंत तर सिगार ओल्याच राहणार. हे पाकीट ओलावा देतंही आणि घेतंही, कडक वाळलं की बदलायचं. डबा एसीच्या खोलीत, कपाटाच्या खालच्या खणात. ऐन पावसात ओढायची असेल ती सिगार मी आदल्या रात्री डब्यातून काढून एसी चालू असलेल्या खोलीत नुसती ठेवतो, एवढ्यानंच जळणं सुधारतं. दुकानातून आणलेली नवी तर लगेच ओढूच नका, दोन-तीन आठवडे डब्यात पडू द्या. दुकानाच्या शोकेसमध्ये ती कशा हवेत होती देव जाणे.

दुसरी गोष्ट किडा. तंबाखूचा किडा अगदी बारीक तपकिरी असतो, अंडी पानातच असतात आणि उबदार हवेत फुटतात, आणि ठाण्यात हवा उबदार नसते कधी? एका दुकानातून आणलेल्या बंडलमध्ये टाचणीनं पाडल्यासारखी भोकं निघाली, दुकानदार म्हणे अशीच येतात. अशी येत नाहीत. तेव्हापासून नवीन माल झिपच्या पिशवीत हवा काढून आधी एक दिवस फ्रिजमध्ये, मग तीन दिवस फ्रीजरमध्ये, परत एक दिवस फ्रिजमध्ये आणि मग बाहेर. एकदम गरमातून फ्रीजरमध्ये टाकली तर वरचं पान तडकतं. फ्रीजरमध्ये मटार आणि खवलेला नारळ आहे आणि त्यांच्या शेजारी ही पिशवी, यावर घरात काय बोलणं झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही, दोन पिशव्या एकात एक घाला एवढाच सल्ला.

खरेदी करताना पेटीवर किंवा बंडलवर धोक्याचं चित्र बघा. 2016 पासून 85 टक्के जागा व्यापणारं चित्र सक्तीचं आहे, ते नसेल तर माल चोरट्या मार्गानं आलेला असण्याची शक्यता जास्त, मग तक्रार कोणाकडे करणार? आणि काचेच्या झाकणाची कोहिबाची पेटी कोणी स्वस्तात देत असेल तर हात जोडा, ती नकलीच असते.

ओढायची कुठे हा प्रश्न मोठा आहे. सार्वजनिक जागी 2008 पासून बंदी, घरात बायको ओढू देत नाही आणि तिचं बरोबर आहे, दोन दिवस पडद्यांना वास राहतो. बाल्कनी उरते, तिथे येऊरकडून वारा आला की सिगार एका बाजूनं होडीसारखी कोरत जाते आणि धूर वरच्या काकूंच्या वाळत घातलेल्या कपड्यांत. आता काकूंचे कपडे आत गेल्यावर साडेनऊनंतर बसतो. मित्र म्हणतात येऊरला जाऊ, पण ते नॅशनल पार्कचं जंगल आहे, मार्चमध्ये गवत कसं वाळलेलं असतं ते बघितलंय ना, तिथे पेटती सिगार घेऊन जाणाऱ्याला वनखात्यानं धरावं असंच माझं मत आहे.

तब्येतीचंही बोलतो, कारण 'धूर छातीत घेत नाही म्हणून सिगार सेफ' हे मी बऱ्याच जणांकडून ऐकलंय आणि ते खोटं आहे. सिगारचा धूर अल्कलाइन असतो, त्यामुळे निकोटिन तोंडातल्या आतल्या त्वचेतूनच रक्तात जातं, आत ओढायची गरजच नाही. एका मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाएवढी तंबाखू असू शकते. तोंड, घसा, अन्ननलिका, सगळीकडच्या कॅन्सरचा धोका वाढतो, रोज ओढणाऱ्याला जास्तच. खारघरला टाटाच्या ॲक्ट्रेक कॅन्सर केंद्रात एकदा नातेवाइकाबरोबर जाऊन बसलात की आकडे वाचायची गरज पडत नाही. शीर्षकात मी रोजची लिहिलं आहे पण नवीन वर्षापासून मी आठवड्याला तीनवर आणली आहे, डेंटिस्टकडे तोंड दाखवून येतो, आणि जो ओढत नाही त्यानं हे वाचून सुरू करावं असं यात काही नाही.

तीनवर आल्यामुळे बजेट मात्र सुटलंय, म्हणून मे महिन्यात मेव्हणा दुबईहून येतोय त्याला यादी दिली आहे. ड्युटी न भरता 25 सिगार आणता येतात, तर बहुतेक हीच पेटी कोरोना आणि थोड्या मादुरो, बघू रात्रीच्या जेवणानंतर कशा लागतात. तो स्वतः सुपारीसुद्धा खात नाही, मागच्या वेळी सिगार आण म्हटलं तर चेरी फ्लेवरच्या घेऊन आला होता, त्यामुळे या वेळी साइज, गेज आणि रॅपरचं नाव सगळं कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवलाय.