डेमोसाठी शुअर एसएम ५८: शब्द स्वच्छ ऐकू येतात

गीतलेखन परिषदेत मेंटॉरना ऐकवायचे डेमो, म्हणजे गाण्यांची कच्ची रेकॉर्डिंग, मी याच माईकवर केले आणि मनापासून सांगते, घ्या. १९६६ पासूनचा हा डायनॅमिक माईक मुख्यतः समोरचाच आवाज पकडतो. पंख्याची घरघर, खोलीचा घुमारा बराचसा बाहेरच राहतो. तोंडापासून चार बोटांवर धरला की ओळीच्या शेवटी विरणारी अक्षरंही नीट उमटतात. 'प', 'फ'चा फुत्कार मात्र जाळी पूर्ण अडवत नाही, जरा तिरकं गावं. कंडेन्सर या जास्त संवेदनशील प्रकारच्या माईकची झळाळी इथे नाही. पण मेंटॉर चाल आणि शब्द ऐकतात, झळाळी नव्हे! म्हणून गिटार आणि गळा एवढंच ठेवा, सुरुवातीचं वाजवणं छाटा, मुखडा लवकर येऊ द्या. आणि हो, माईकचा आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणारा ऑडिओ इंटरफेस वेगळा लागतो. हा माईक थेट यूएसबीला जोडता येत नाही.