कॉम्प्युटरला नेट लागत नाही: रीस्टार्ट, रीसेट, केबल की नवा डोंगल?

घरातल्या कॉम्प्युटरला नेट लागेनासं झालं की सल्ल्यांचा पाऊस पडतो. राउटर बंद-चालू कर, रीसेट मार, ड्रायव्हर (वायफायचं कार्ड चालवणारा प्रोग्रॅम) पुन्हा टाक, यूएसबीत खुपसायचा वायफायचा डोंगल घे, नाहीतर सरळ माणूस बोलाव. यातला प्रत्येक उपाय कुठल्या ना कुठल्या दुखण्यावर लागू पडतो. पण काही उपाय फसले तर तुम्ही होतात तिथेच राहता, आणि काही फसले तर जुन्या दुखण्यासोबत दोन नवी पदरात पडतात. निवड करताना मी हेच आधी बघतो.

त्याआधी त्याच वायफायवर फोन चालतोय का ते पाहा, आणि पाहताना फोनचा मोबाइल डेटा बंद ठेवा. नाहीतर फोन गुपचूप डेटावर चालत असतो आणि आपण वायफाय ठणठणीत आहे असं धरून कॉम्प्युटर उलटापालटा करत बसतो. (माझी एक अख्खी संध्याकाळ यात गेली आहे.) फोनही अडला असेल तर कॉम्प्युटरला हात लावू नका, दोष राउटरमध्ये किंवा बाहेरून येणाऱ्या लाइनमध्ये आहे. फायबरच्या डब्यावर ‘एलओएस’ नावाचा दिवा लाल दिसत असेल तर प्रकाशाचा सिग्नलच घरापर्यंत पोचत नाही. फायबरची वायर नीट बसली आहे ना तेवढं बघा आणि कंपनीला फोन लावा.

फोन चालतो पण कॉम्प्युटर नाही, असं असेल तर पुढचं वाचा.

रीस्टार्ट आणि रीसेट

नावं सख्ख्या भावांसारखी असली तरी या दोघांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. राउटर रीस्टार्ट करणं म्हणजे त्याची वीज काढायची, अर्धं मिनिट थांबायचं, पुन्हा लावायची. सेटिंग जिथल्या तिथे राहतात, गमावण्यासारखं काही नसतं. रीसेट म्हणजे मागच्या बारीक भोकात टाचणी घालून आतलं बटण काही सेकंद दाबून धरणं. त्याने राउटर कारखान्यातून आला तसा कोरा होतो. वायफायचं तुम्ही ठेवलेलं नाव जातं, पासवर्ड जातो, आणि कंपनीने जोडणी देताना राउटरमध्ये भरलेलं लॉगिनचं नाव (पीपीपीओई युजरनेम) असेल तर तेही जातं. मग टीव्ही, प्रिंटर, सगळ्यांचे फोन एकदम थंड. अडला होता एक कॉम्प्युटर, आता घर अडलं. एकाच यंत्राच्या दुखण्यासाठी राउटर रीसेट करू नका, हे मी ठामपणे सांगेन.

कॉम्प्युटरचंही एक गुपित आहे. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ आलं. ते चालू असेल तर ‘शट डाउन’ केल्यावर विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही, त्याची स्थिती डिस्कवर साठवून ठेवली जाते आणि पुढच्या वेळी तीच परत उचलली जाते. अडकलेला ड्रायव्हर त्यात तसाच अडकलेला परत येऊ शकतो. ‘रीस्टार्ट’ने मात्र सगळं खरोखर नव्याने सुरू होतं. म्हणून बंद करून चालू केलं तरी फरक नाही अशी तक्रार असेल, तर एकदा मेनूतून रीस्टार्ट करा.

केबल की वायफाय

माझ्या मते इथे सगळ्यात जास्त माहिती मिळते, आणि लोक नेमकं हेच सोडून देतात. राउटरपासून कॉम्प्युटरपर्यंत एक लॅन केबल लावा. केबलवर नेट लागलं तर लाइन ठीक, विंडोज बहुतेक ठीक, आणि दुखणं वायफायच्या कार्डात, त्याच्या ड्रायव्हरमध्ये किंवा पासवर्डमध्ये. केबलवरही लागलं नाही तर संशय विंडोजवर: जुनं व्हीपीएन किंवा प्रॉक्सी (नेट दुसऱ्या सर्व्हरमार्गे वळवणाऱ्या सोयी), नको ती जोडणी अडवणारा फायरवॉल, किंवा हाताने भरून ठेवलेला आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा कॉम्प्युटरचा क्रमांक.

केबल नसेल किंवा पोर्टच नसेल तर अँड्रॉइड फोन यूएसबीने जोडून टेथरिंग, म्हणजे फोनचं नेट कॉम्प्युटरला देण्याची सोय, चालू करा. कॉम्प्युटरला फोन हे नवं नेटवर्क कार्ड वाटतं. चाचणी तर होतेच, शिवाय ड्रायव्हर उतरवून घ्यायला वाटही मिळते. आयफोनला विंडोजवर आधी अॅपलचं सॉफ्टवेअर लागतं, म्हणजे नेट नसताना तो मार्ग अडचणीचा.

दोन्हींपैकी कायमचं काय ठेवावं? कॉम्प्युटर एका जागी बसणारा असेल तर केबल. तिला भिंती आडव्या येत नाहीत, शेजाऱ्याचा राउटर तिच्यात ढवळाढवळ करत नाही, आणि ती १०० मीटरपर्यंत चालते. तिचं दुखणं एकच, आतली तार तुटणं. १ गिगाबिटच्या जोडणीला केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटला दोनच पुरतात. वेग अचानक १०० वर येऊन अडकला तर आधी केबल बदलून पाहा.

विंडोजमधले लहान आणि मोठे उपाय

कमांड प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे विंडोजच्या आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, आयपीकॉन्फिग (ipconfig) चालवून आयपी पत्ता बघा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर कॉम्प्युटरने राउटरकडे पत्ता मागितला, उत्तर आलं नाही, म्हणून त्याने स्वतःच एक लावून घेतला. अशा वेळी पत्ता सोडून नव्याने मागणं, म्हणजे त्याच आज्ञेचे रिलीज (ipconfig /release) आणि रिन्यू (ipconfig /renew) हे प्रकार, पुरेसं ठरू शकतं. पत्ता बरा आहे, गूगलच्या ८.८.८.८ या पत्त्याला पिंग केलं (ping 8.8.8.8, म्हणजे हाक मारून पाहिली) तर उत्तर येतं, पण एकही साइट नावाने उघडत नाही, तर दोष साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या डीएनएसचा. डीएनएस बदलणं हा मिनिटाचा आणि सहज परतवता येणारा उपाय. कॉम्प्युटरचं घड्याळही बघून घ्या. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला की तारीख काही वर्षं मागे जाते आणि ब्राउझर प्रत्येक साइटवर सुरक्षेची तक्रार करू लागतो. लोक याला नेट गेलं असंच समजतात.

याउलट सेटिंगमधलं ‘नेटवर्क रीसेट’ हे बटण मोठं शस्त्र आहे. ते सगळी नेटवर्क कार्डं काढून पुन्हा बसवतं. साठवलेले वायफाय पासवर्ड विसरले जातात, व्हीपीएन पुन्हा मांडावं लागतं. गुंता कुठे आहे तेच कळत नसेल तर ते कामाचं आहे, पण पासवर्ड कागदावर उतरवल्याशिवाय त्याला हात लावू नका.

ड्रायव्हरचंही तसंच. कालपर्यंत चालत होतं आणि अपडेटनंतर बंद पडलं, तर डिव्हाइस मॅनेजरमधलं (विंडोजमधली सगळ्या कार्डांची यादी) ‘रोल बॅक’ आधी, म्हणजे मागचा ड्रायव्हर परत आणणं. नव्याने टाकायचाच असेल तर जुना उडवताना ड्रायव्हरच्या फायलीही पुसायच्या का, असं विचारणाऱ्या चौकटीत खूण करू नका. नेट नसताना ती खूण म्हणजे बसल्या फांदीवर कुऱ्हाड.

डोंगल घ्यायचा तो कधी

डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफायचं कार्ड रीस्टार्टनंतरही दिसत नसेल, किंवा कार्ड इतकं जुनं असेल की राउटरचं ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क त्याला दिसतच नाही, तेव्हा. पण त्याआधी राउटरवर २.४ गिगाहर्ट्झ चालू आहे का आणि सुरक्षा फक्त डब्ल्यूपीए३ या वायफायच्या नव्या सुरक्षा पद्धतीवर तर ठेवलेली नाही ना, ते तपासा. जुनी कार्डं इथे अडतात आणि डोंगलचा खर्च वाचतो.

डोंगल घेतलाच तर तो कॉम्प्युटरच्या मागे यूएसबी ३ च्या हार्ड डिस्कला खेटून लावू नका. यूएसबी ३ ची जोडणी २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट करते, आणि नवाकोरा डोंगल सारखा तुटत राहतो. एक लहान यूएसबी एक्स्टेंशन वायर लावून तो कॉम्प्युटरच्या पत्र्याच्या डब्यापासून हातभर दूर टेबलावर ठेवा. दुकानात बदलायला नेण्याआधी एवढं करून बघा.