एर्को की इगुझिनी? आधी भिंत बघा

गॅलरी, शोरूम किंवा मोठ्या दिवाणखान्यासाठी एर्को आणि इगुझिनी या दिव्यांच्या कंपन्यांची दोन कोटेशन्स हातात आली की बहुतेक जण वॅट आणि किंमत ताडून पाहतात. त्यातून फारसं कळत नाही. दोन्ही कंपन्यांची घडण वेगळी आहे आणि ती त्यांच्या दिव्यांतही उतरली आहे.

एर्को जर्मनीतल्या ल्यूडेनशाइडची, १९३४ सालची. साठच्या दशकात क्लाउस युर्गन माक यांनी सूत्रं हाती घेतली आणि ‘दिवे नव्हे, प्रकाश विकायचा’ हे धोरण ठरलं. जर्मन ग्राफिक डिझायनर ओटल आयखर यांनी केलेल्या लोगोत ई जाड आणि पुढची अक्षरं बारीक होत जातात, जणू झोत विरतोय. कॅटलॉगही त्याच वळणाचा: दिव्याच्या रूपापेक्षा भिंतीवर काय पडेल याला मान. २०१५पासून सगळं उत्पादन एलईडीचं आहे. एर्कोची खरी ताकद लेन्समध्ये. अनेक स्पॉटमध्ये (एका जागी झोत टाकणाऱ्या दिव्यांत) लेन्स बदलता येते, म्हणजे आज अरुंद झोत टाकणारा दिवा उद्या रुंद किंवा लंबगोल झोत टाकतो. प्रदर्शनं बदलत राहणार असतील तर याचा फायदा मोठा.

इगुझिनी १९५९ची, इटलीतल्या रेकानातीची. नावातला ‘इ’ म्हणजे इटालियनमधलं अनेकवचनी उपपद, थोडक्यात ‘गुझिनी मंडळी’. सुरुवात सजावटीच्या दिव्यांपासून झाली, त्यामुळे वस्तूच्या रूपाकडे लक्ष पहिल्यापासूनचं. रेन्झो पियानोंसारख्या आर्किटेक्टबरोबर त्यांनी काम केलं. २०१५मध्ये मिलानमधल्या लिओनार्दोच्या ‘लास्ट सपर’ची आणि २०१७मध्ये पादुआतल्या स्क्रोवेन्यी चॅपलची नवी प्रकाशयोजना त्यांच्या दिव्यांनी झाली. २०१९पासून कंपनी स्वीडनच्या फागरहुल्ट समूहात आहे. पाल्को मालिकेतला सर्वांत छोटा स्पॉट जेमतेम १९ मिलिमीटर व्यासाचा. शोकेसमध्ये किंवा जुन्या वास्तूत दिवा दिसूच नये असं असेल तेव्हा हा उपयोगी.

आता आकडे. छत ३.३ मीटरवर आहे असं धरा. भिंत वरपासून खालपर्यंत सारखी उजळायची तर वॉलवॉशर (अख्खी भिंत उजळणारा दिवा) भिंतीपासून उंचीच्या एक तृतीयांश, म्हणजे १.१ मीटरवर. दोन दिव्यांतलं अंतर साधारण तेवढंच. ६ मीटरच्या भिंतीला सहा दिवे: कोपऱ्यापासून पहिला अर्ध्या मीटरवर, पुढचे मीटर-मीटरवर. चित्रावर झोत हवा असेल तर उभ्या रेषेपासून ३०° कोन. चित्राचा मध्य १.५ मीटरवर असेल तर दिवा भिंतीपासून १.०४ मीटरवर येतो. म्हणजे दोन्ही कामांना एकच ट्रॅक (दिवे अडकवायची छतावरची पट्टी) पुरतो. फॉल्स सीलिंग बंद होण्याआधी हे ठरवावं. कोन फार कमी झाला तर फ्रेमची सावली चित्रावर लांबते, फार वाढला तर काचेतली चमक बघणाऱ्याच्या डोळ्यात येते.

फसतं ते बहुधा पुढच्या गोष्टींत. स्पॉट भिंतीला चिकटवून लावला की वर कमानी उमटतात. भिंतीपासून १५-२० सेंटीमीटरवरून खाली सोडलेला प्रकाश पुट्टीचा प्रत्येक लपका उघडा पाडतो. ती चूक दिव्याची नाही, पण बोल त्यालाच लागतो. ट्रॅक एका कंपनीचा आणि स्पॉट दुसऱ्याचा घेताना अडॅप्टर बसतो का, हे लेखी विचारा. ड्रायव्हर (दिव्याला वीज पुरवणारा भाग) डाली, म्हणजे डिजिटल संदेशावर चालणारा, आणि भिंतीवरचा डिमर जुना फेजवाला, म्हणजे वीजप्रवाहच छाटणारा, असेल तर दिवा डिम होणारच नाही. आणि सगळे नग एकाच वेळी मागवा, दोन जादा धरून. नंतर आलेल्या लॉटचा पांढरा किंचित वेगळा निघाला तर सलग भिंतीवर तो लगेच डोळ्यात भरतो. कागदावरची चित्रं असतील तर साधारण ५० लक्सच्या (पृष्ठभागावर पडणाऱ्या प्रकाशाचं माप) वर जाऊ नका, तैलचित्रांना २०० चालतात.

आमचं मत: लांब, मोकळी भिंत आणि बदलती मांडणी असेल तर एर्को. दिवा लपवायचा असेल, किंवा तोच नजरेत भरायला हवा असेल, तर इगुझिनी. चित्राच्या चौकटीपुरता कापलेला झोत दोघांकडेही मिळतो, त्यासाठी कंपनी बदलायची गरज नाही.

ऑर्डरआधी नमुना मागवाच, आणि वॉलवॉशरचे दोन नग मागवा, एक नाही. एकाने भिंत छानच दिसते. दोन झोत जिथे भेटतात तिथला काळसर पट्टा दुसरा लावल्याशिवाय कळत नाही. रंगाचा शेवटचा हात मारून झाल्यावर, अंधार पडला की बघा.