साठ अंड्यांचं उबवणी मशीन : आठ महिन्यांनंतर आणि एका गारपिटीनंतर

मशीन दिवाळीनंतर घेतलं. थर्माकोलची पेटी, आपोआप फिरणारा ट्रे, वर डिजिटल कंट्रोलर. बाकीची माहिती घेणाऱ्याला ठाऊकच असते. साडेसहा हजार रुपये गेले. आमचं घर तासगाव तालुक्यात, द्राक्षाचं. इथे साडेसहा हजार कुठल्या फवारणीतून वाचवायचे याचा हिशोब आधी होतो, मग खरेदी. म्हणून पाच खेपा निघाल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

जानेवारीत लिहिलं असतं तर नुसतं कौतुक झालं असतं. पहिल्या खेपेला साठातून ३४ पिल्लं निघाली, दुसरीला ४१. अंडी घरच्याच गावरान कोंबड्यांची, थोडी शेजारची. सात दिवसांच्या आतली, निमुळतं टोक खाली ठेवून साठवलेली, फ्रीजमध्ये न ठेवलेली. सातव्या दिवशी मोबाईलच्या टॉर्चवर धरलं की आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसतात. माझ्या धाकट्या मुलीने ते पहिल्यांदा बघितलं त्या रात्री ती झोपलीच नाही. तापमान ३७.५ अंशांवर ठेवलं की मशीन तिथून हलत नाही, हे मी आजही मान्य करते.

माझा राग एकाच गोष्टीवर आहे. आतली हवा दमट ठेवणाऱ्या वाटीत पाणी घालायला झाकण उघडावं लागतं.

वाचणाऱ्याला वाटेल, एवढंच ना? एवढंच नाही. पहिले अठरा दिवस चालून जातं, तेव्हा आर्द्रता ५० ते ५५ टक्के पुरते आणि दोन मिनिटं झाकण उघडलं तरी अंडं सांभाळून घेतं. पण अठराव्या दिवशी ट्रे फिरवणं बंद करायचं, आर्द्रता ६५च्या वर न्यायची आणि मग झाकणाला हात लावायचा नाही. पिल्लू आतून टोच मारतं आणि मग हळूहळू गोल फिरत कवच कापतं. त्या वेळी कोरडी हवा आत शिरली तर कवचाखालचा पापुद्रा वाळून पिसांना चिकटतो. पिल्लाला फिरताच येत नाही. ते आत जिवंत असतं, ओरडत असतं, आणि तिथेच अडकून मरतं. पाणी नेमकं याच तीन दिवसांत जास्त लागतं, आणि याच तीन दिवसांत उघडू नये असं झाकण उघडून ते घालायचं! हे मशीन बनवणाऱ्याने एकदा तरी शेवटपर्यंत अंडी उबवून बघितली असतील का?

एप्रिलच्या खेपेचा एकोणिसावा दिवस होता. दुपारी घराच्या पत्र्याखाली ३९ अंश, हवा अगदी थांबलेली. चारच्या सुमाराला जतच्या बाजूने आभाळ काळं होत आलं. बेदाणा शेडवर रॅक भरलेले होते, त्यामुळे हे आणि दीर ताडपत्र्या घेऊन तिकडे धावले. घरात मी, आत्या आणि पोरी. आधी वावटळ, मग गारा. लिंबाएवढ्या नव्हत्या, पण हरभऱ्याहून मोठ्या, आणि अंगणात पांढरा थर साचला. लाइट पहिल्या पाच मिनिटांतच गेली. दोन तासांत घरातली हवा २१ अंशांवर आली.

आत ५२ अंडी होती. दोनांना टोच पडायला सुरुवात झाल्याचं काचेतून दिसत होतं. मला सुचत होतं ते एवढंच की गरम पाण्याच्या बाटल्या आत ठेवाव्यात. मी झाकणाला हात लावला तेव्हा आत्यांनी मनगट धरलं. "उघडू नकोस. खुडूक कोंबडी रोज दाणापाण्याला उठतीच की, तिची अंडी काय मरत्यात व्हय? आणि ही तर आता भरलेली अंडी हैत, त्यांची ऊब त्यांच्यातच हाय." आत्यांनी चाळीस वर्षं डालग्याखाली रवण, म्हणजे अंड्यांवर खुडूक कोंबडी, बसवलेली आहे. त्यांचं ऐकलं.

नंतर समजलं की शेवटच्या आठवड्यात अंड्यातलं पिल्लू स्वतःच बरीच उष्णता तयार करतं. पन्नास अंडी एकमेकांना लागून बसली की ती एकमेकांना ऊब देतात. त्या संध्याकाळी पेटीवर दोन गोधड्या टाकल्या, पण झाकणाची हवेची भोकं मोकळी ठेवली. पंखा बंद, आणि पिल्लांना श्वास तर हवाच. त्यातल्या एका भोकातून काचेचा थर्मामीटर आत सोडला. रात्री नऊला ३५, बाराला ३३ आणि पहाटे पाचला ३१.

लाइट सकाळी नऊला आली. पहाटेपर्यंत फक्त साडेसहा अंश उतरलं होतं. थर्माकोल बघून मी पहिल्या दिवसापासून नाक मुरडलं होतं, मासेवाल्याच्या बर्फाच्या पेटीला कंट्रोलर लावून विकतात असं सगळ्यांना सांगत होते. ते शब्द मागे घेते. पत्र्याची पेटी असती तर ही खेप मी उकिरड्यात पुरली असती.

पण पुढे तेच झाकण आडवं आलं. पंखा सुरू झाला तशी आतली आर्द्रता झपाट्याने उतरली आणि पाण्याची वाटी कोरडी पडली होती. उघडलं तर मरतात, नाही उघडलं तरी मरतात. एकदाच उघडलं, चाळीस सेकंद, गरम पाणी ओतलं. थंडीमुळे खेप लांबली होती, एकविसाव्या दिवसाऐवजी बावीस-तेविसाव्या दिवशी पिल्लं निघाली. ३९ आपली आपण बाहेर आली. चार अंड्यांना टोचच पडली नाही. नऊ पिल्लं टोच मारून अडकली. कोमट ओल्या फडक्याने पापुद्रा भिजवत, शिरांत रक्त दिसत नाही याची खात्री करून, तासाला थोडंथोडं कवच काढत त्यातली तीन वाचवली. सहा गेली. मोठी पोर त्या सहांना लिंबाखाली पुरताना माझ्याकडे बघत नव्हती.

कंपनीला फोन केला. उत्तर मिळालं, "मॅडम, सगळेच झाकण उघडतात." पाणी घालायची सोय असलेलं वेगळं झाकण आहे, ते नऊशे रुपयांना. म्हणजे चूक त्यांना माहीत आहे आणि दुरुस्ती त्यांनी विकायला ठेवली आहे. मी म्हटलं, मग पेटीबरोबर तेच द्या की. फोन ठेवला गेला, आणि नंतरचे चार फोन उचलले नाहीत.

मग ह्यांनी तापलेल्या सळईने वाटीच्या वरच्या अंगाला पेटीला भोक पाडलं. मेडिकलमधून सलाईनची नळी आणि मोठी सिरिंज आणली, एकूण पंचावन्न रुपये. नळी आत सोडून भोवती मेण लावलं. सोबत आर्द्रतेचा मीटरही तपासला. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन जेमतेम ओलं केलं आणि ते मीटरसकट हवाबंद पिशवीत रात्रभर ठेवलं. ७५ दाखवायला हवं होतं, त्याने ८२ दाखवलं. म्हणजे मी ६५ समजत होते तेव्हा खरे ५८ होते. ही तपासणी पहिल्या दिवशीच करा. मी पाचव्या महिन्यात केली.

मे महिन्याची खेप : अठराव्या दिवशी ५४ अंडी आत, ४७ पिल्लं बाहेर, अडकलेलं एकच. झाकण एकदाही उघडलं नाही.

गारपिटीतल्या ४२ पिल्लांचंही सांगते, कारण मशीन फक्त बाहेर काढून देतं. पहिल्या आठवड्यात त्यांना ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते आणि वळिवाने रात्री गार झाल्या होत्या. एलईडीला पुरेशी उष्णता नसते, जुना साठ वॅटचा पिवळा बल्ब तीन दुकानं फिरून मिळाला. लाइट गेली की मडक्यात गरम पाणी भरून, गोणपाटात गुंडाळून मध्ये ठेवायचं. निखाऱ्याची शेगडी आत ठेवू नका, धुराने पिल्लं गुदमरतात. थर्मामीटरपेक्षा पिल्लांकडे बघा. बल्बखाली गोळा होऊन चिवचिवाट केला तर थंडी, कडेला जाऊन चोची उघडल्या तर उकाडा. भाताचं तूस तिसऱ्या दिवसानंतर पसरलं, आधी कागद, नाहीतर दाणा समजून तूसच खातात.

सातव्या दिवशी लासोटा, म्हणजे मानमोडीची लस. बाटली शंभर डोसांची, औषध कालवल्यावर दोन तासांत संपवावं लागतं, आणि आमची पिल्लं ४२. म्हणून गल्लीतल्या चार घरांना सांगितलं. बायका पिल्लं टोपलीत घेऊन आल्या, मी डोळ्यात थेंब सोडला. मागच्या वर्षी मानमोडीने अर्धी गल्ली रिकामी झाली होती, या वर्षी अजून तरी एकही खुराडं रिकामं झालेलं नाही. ४२ पैकी ३६ आहेत. चार मुंगसाने नेली, दोन अशक्त होती.

दुकानदाराने परवा विचारलं, हेच मशीन पुन्हा घ्याल का? पेटीसाठी घेईन. पण पाण्याची नळी बाहेरून नसलेलं मशीन कुणी दाखवलं तर पैसे देऊ नका, आधी झाकणावर बोट ठेवून विचारा. काल सहावी खेप मांडली, नळी नवी बसवली आहे, आणि आत्यांनी एका खुडूक कोंबडीखाली बारा अंडी वेगळी ठेवली आहेत.