टेप गुंडाळून ‘दुरुस्त’ केलेला मायक्रोट्यूनर

३ डिसेंबरच्या जुने गोव्याच्या फेस्तानंतर बँडवाल्यांना उसंत नसते. लग्ने, जत्रा, तियात्र (कोंकणी नाटके), मग कार्निव्हल. त्यामुळे जुने सॅक्सोफोन दुरुस्तीला जातात पावसाच्या अखेरीस आणि परत मिळतात पहिल्या कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी. तपासायला वेळच उरत नाही, आणि खोटी दुरुस्ती याच घाईत खपते.

बार्देश तालुक्यातल्या एका बँडच्या कॉन कंपनीच्या जुन्या ऑल्टो सॅक्सोफोनचे असेच झाले. अमेरिकेत एल्कहार्टला बनलेले वाद्य, नेकच्या (माउथपीस बसवायच्या वरच्या वाकड्या नळीच्या) टोकाला मायक्रोट्यूनर, म्हणजे रिंग फिरवून सूर बारीक जुळवायची सोय. तक्रार दोनच गोष्टींची होती: रिंग सैल फिरते, आणि खालचे सी, बी, बी-फ्लॅट गुरगुरतात. कारागिराने ९,५०० रुपये घेतले आणि सांगितले, “बाब, आटे नवे केले, आता दहा वर्षे बघू नका.” घरी वाजवला तेव्हा ठीक वाटला. तिसऱ्या कार्यक्रमात खालचे स्वर पुन्हा गेले. रिंग उघडली तर आत नळाच्या सांध्यांना लावतात ती पांढरी टेप, तिच्यावर चाकाच्या बेअरिंगचे ग्रीस आणि आट्यांच्या तळाशी करडी, खरखरीत पेस्ट.

हे घरी ठीक आणि मंडपात बिघडलेले का, ते समजून घ्यायला हवे. मायक्रोट्यूनरमध्ये नेकच्या नळीवर दुसरी नळी सरकते. माउथपीसचा कॉर्क त्या सरकत्या नळीवर असतो. बाहेरची खाचांची रिंग आट्यांवर फिरली की ती नळी पुढे-मागे होते. आटे नळीला फक्त जागेवर धरतात. हवा अडते ती दोन नळ्यांच्या घट्ट बसण्यामुळे. रिंग पूर्ण आत असली की नळ्या एकमेकींवर जास्तीत जास्त लांबीने चढलेल्या असतात, म्हणून झिजलेला जोडही थोडीफार हवा धरतो. गोव्याच्या उकाड्यात सॅक्सोफोनचा सूर चढतो, कीबोर्ड मात्र ४४० हर्ट्झच्या ठरलेल्या सुरावरच राहतो. वादक रिंग बाहेर काढतो, चढण कमी होते आणि गळती सुरू. त्याच उकाड्यात ग्रीस पातळ होऊन वाहते आणि टेपच्या चिंध्या आट्यांतून बाहेर येतात. कारागीर वाद्य नेहमी रिंग पूर्ण आत ठेवूनच परत देतो, हे लक्षात ठेवा.

नेक माउथपीसला लागून असल्याने तिथली गळती वरच्या-खालच्या प्रत्येक स्वराला बाधते, फक्त खालच्या स्वरांवर ती आधी कळते. शरीरात दिवा सोडून छिद्रे झाकणारी पॅड तपासतात, त्यात ही गळती दिसत नाही. पॅड बदलण्याचे पैसे घेऊनही सूर न सुधारलेली वाद्ये यामुळेच असतात.

पेस्टचे नुकसान टेपपेक्षा मोठे. गॅरेजमध्ये व्हॉल्व्ह घासायला वापरतात ती ग्राइंडिंग पेस्ट आट्यांत भरून रिंग मागे-पुढे फिरवली की ती लोण्यासारखी फिरू लागते आणि गिऱ्हाईक खूश होते. पण ती गुळगुळीत फिरते कारण पितळ खरवडून गेलेले असते. आधीच सैल असलेले आटे आणखी पातळ होतात, आणि गेलेले धातू परत येत नाही.

पैसे देण्यापूर्वी एक मिनिटाची तपासणी करा. नेक वाद्यापासून काढा. खालचे तोंड तळहाताने घट्ट बंद करा, ऑक्टेव्हच्या छोट्या नळीवरचे पॅड बोटाने दाबून धरा आणि कॉर्कच्या टोकाकडून हवा ओढा. पोकळी टिकून ओठ चिकटून राहिले पाहिजेत. हेच रिंग पूर्ण बाहेर काढून पुन्हा करा. आत घेतल्यावर पास आणि बाहेर काढल्यावर नापास, म्हणजे जोड झिजलेलाच आहे. मग रिंगवर साबणाचे पाणी लावून, कॉर्ककडचे तोंड बंद ठेवून आणि ऑक्टेव्हचे पॅड दाबून खालून हलके फुंका, बुडबुडे जागा दाखवतील. शेवटी नळी आडवी हलवून पाहा, खटखट जाणवली तर नळी धरून ठेवणारी आतली गोल कडी, म्हणजे कॉलर, सैल आहे.

खऱ्या दुरुस्तीला वेळ लागतो. अडकलेल्या रिंगेत भेदक तेल सोडून रात्रभर, गरज पडल्यास दोन-तीन दिवस ठेवायचे आणि रबराच्या पट्ट्याने फिरवायचे. पक्कड लावली की खाचा बोथट होतात आणि नळी अंडाकार होते. हिरवा गंज पातळ सायट्रिक ॲसिडने काढून लगेच धुवायचा. पितळ त्यात विसरले तर जस्त निघून जाते आणि लालसर डाग राहतात. मग मायक्रोमीटरने दोन्ही नळ्या तीन-चार ठिकाणी मोजायच्या, कारण झीज सगळीकडे सारखी नसते. आतली नळी मँड्रेलवर (आत घालायच्या धातूच्या दांड्यावर) थोडी थोडी फुगवतात किंवा बाहेरची साच्यात आवळतात. हलके तेल लावून एक टोक अंगठ्याने बंद करून नळ्या वेगळ्या ओढल्या की ‘पॉप’ आवाज यावा. त्यानंतरच कॉलरमागे पातळ वॉशर, आट्यांना ग्रीस आणि १.६ मिलिमीटरचा नवा कॉर्क. ग्रीस फिरण्यासाठी असते, हवा अडवण्यासाठी नाही.

नेकचा खालचा खुंटा वाद्यात सैल बसत असेल तर तोच फुगवावा लागतो. स्क्रू जोरात आवळून भागवणे किंवा तिथेही टेप गुंडाळणे हा तोच प्रकार.

याहून महागडी फसवणूक म्हणजे नेकच बदलणे. “जुनी नेक निकामी झाली” म्हणून साधी नवी नेक लावून देतात आणि मायक्रोट्यूनरची मूळ नेक वेगळी विकतात. वाद्य देतानाच नेकचे सगळ्या बाजूंनी फोटो काढा, पोचे आणि डाग जवळून टिपा, पावतीवर ‘मूळ नेकसह’ लिहून घ्या. काढलेला प्रत्येक भाग परत मागा.

विकणारेही याच अज्ञानावर जगतात. बऱ्याच जुन्या कॉनवर ८ डिसेंबर १९१४ अशी तारीख कोरलेली असते. ती स्वरछिद्रांच्या पेटंटची आहे, वाद्याच्या जन्माची नव्हे, तरी ‘१९१४ चा अँटिक’ म्हणून भाव चढवला जातो. स्वरछिद्रांच्या गोल वळवलेल्या कडा कोणी सपाट करण्यासाठी घासू पाहत असेल तर वाद्य लगेच उचलून आणा. अनुक्रमांकाजवळ ‘एल’ असेल तर वाद्य ४४० चे, ‘एच’ असेल तर सुमारे ४५७ चे. ‘एच’वाले मायक्रोट्यूनर बाहेर काढूनही जुळत नाही, कारण त्याची सगळी छिद्रे त्या चढ्या सुरासाठी मांडलेली असतात.

बार्देशच्या त्या ऑल्टोच्या दोन्ही नळ्या शेवटी नीट बसल्या. रिंगचे आटे मात्र पेस्टने खाल्ले होते, धरायला धातूच नव्हते. बँडच्या संमतीने मायक्रोट्यूनर ४४० च्या जागी झाळून कायमचा बंद केला. आता सूर जुळवायचा तो माउथपीस कॉर्कवर पुढे-मागे सरकवून.