जुन्या जीपचा पुढचा ॲक्सल घेताय? आधी दात मोजा

आधीच सांगतो, जुना ॲक्सल घेताना फसलो यात माझा गाढवपणा पण आहे. पण ज्याने केलं त्याने ठरवून केलं म्हणून लिहितोय, महिंद्राची जुनी जीप घरी उघडून बसलेले माझ्यासारखे बरेच आहेत.

गाडी एमएम ५४०, १९९० ची, काकांची. कराडजवळ गावात म्हशी विकल्यावर गोठा रिकामा झाला तेच माझं वर्कशॉप, तुळईला चेन पुली, चार घोड्या, एक वायस आणि हातात फक्त रविवार. दोन वर्षात इंजिन (२११२ सीसीचं प्युजो डिझेल), ब्रेक, वायरिंग, खालचा पत्रा सगळं उरकलं, राहिलं फोर व्हील. काकांनी डिझेल वाचतं म्हणून पुढचा प्रोपेलर शाफ्ट (पुढच्या चाकांना ताकद नेणारा दांडा) काढून माळ्यावर टाकलेला, तेव्हा बऱ्याच जणांनी हेच केलं. पण शाफ्ट काढला तरी डिफरन्शियल (ॲक्सलच्या मधला दातेरी चाकांचा गोळा) चाकांबरोबर आतून फिरतच राहतो की, आणि त्यात तेल आहे का नाही ते वीस वर्षं कोणी बघितलं नाही. उघडला तर क्राउनचे (त्यातल्या मोठ्या दातेरी चाकाचे) तीन दात उडालेले आणि बेअरिंगांचा चुरा.

मग जुन्या पार्टचा एक व्यापारी गाठला. माणूस फोनवर इतका गोड की विचारू नका. मी पहिलाच प्रश्न विचारला, माझ्या मागच्या ॲक्सलला ३९-८ चा सेट आहे (क्राउनला ३९ दात, त्याला फिरवणाऱ्या छोट्या पिनियनला ८), म्हणजे रेशो ४.८८, चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे तेवढे फेरे, पुढचा तोच पाहिजे. "साहेब तोच आहे, आपण डोळे झाकून घ्या." फोटो पाठवला, हौजिंगवर पिवळ्या पेंटने ३९/८ लिहिलेलं. अख्खा ॲक्सल २८ हजार, आणि माझा जुना दिला तर चार हजार कमी. मी दिला! त्याचे हब आणि नकल (चाकाकडचे भाग) एकदम चांगले होते हे मला माहीत असून दिला, कारण गोठ्यात जागा नव्हती आणि पाऊस तोंडावर होता. पैसे यूपीआयने आधी, पावती म्हणजे वहीतला कागद, त्यावर "जिप ॲक्सल १ नग" एवढंच.

माल आला तो काळ्या रंगात चकाचक. पत्त्याच्या स्प्रिंगवर बरोब्बर बसला, हाताने फिरवला तर आवाज शून्य, मिस्त्री पण म्हणाले घट्ट आहे. टू व्हीलला पन्नास किलोमीटर चालवली, काही नाही. काही होणारच नव्हतं म्हणा.

पहिल्या पावसात सडावाघापूरच्या पठारावर गेलो. चिखलात फोर व्हील टाकलं, गाडी अशी चढली की मी व्हिडिओ करून सगळ्यांना पाठवला. खाली डांबरावर आलो आणि लिव्हर टू व्हीलला येईचना. गाडी कोणीतरी मागून धरल्यासारखी, पुढची चाकं घासतायत, मी लिव्हरशी झटापट करतोय, बायको म्हणतेय थांबव. तेवढ्यात कट्कन आवाज आला आणि पुढच्या शाफ्टचा क्रॉस (सांध्यातला तुकडा) तुटला.

आता यातली गोम सांगतो. या गाड्यांच्या ट्रान्सफर केसमध्ये (पुढे-मागे ताकद वाटणारा डबा) मधला डिफरन्शियल नसतो, फोर व्हील टाकलं की पुढचा मागचा शाफ्ट एकाच स्पीडने फिरणार म्हणजे फिरणार. त्यामुळे डांबरावर वळताना थोडं जखडणं नॉर्मल आहे. पण सरळ रस्त्यावर जखडली तर एकतर पुढेमागे टायरचा साइज वेगळा नाहीतर रेशोत घोळ. टायर माझे चारही सारखे, हवा पण सारखी.

मिस्त्रींनी दुसऱ्या दिवशी तेल काढलं. तेल कसलं, तेलात लाकडाचा भुसा! आवाज दाबायची जुनी ट्रिक, ऐकून होतो, स्वतःच्या गाडीत पहिल्यांदा बघितली. आणि क्राउनवर पंच केलेलं ४३-८. म्हणजे ५.३८, जुन्या पेट्रोल सीजे ३बी जीपला यायचा तो. मागचं चाक शंभर फेरे मारणार तेवढ्यात पुढचं ९१ च्या आत, उरलेले नऊ कुठे जाणार? चिखलात चाक घसरून भरपाई होते, डांबरावर काहीतरी तुटतंच.

फोन केला तर आधी "साहेब असं होऊच शकत नाही", मग "तुमच्या मिस्त्रीनेच आतला सेट बदलला असेल". सत्तरीच्या माणसाबद्दल हे ऐकून माझं डोकंच सटकलं. शेवटी "जुना माल रिटर्न नसतो", आणि नंबर ब्लॉक. ग्राहक तक्रार करायची तर त्या कागदावर ना दुकानाचं नाव, ना जीएसटी नंबर, ना रेशो. माझा जुना ॲक्सल पण त्याच्याकडेच.

चीड कशाची येते, रेशो तपासायला पाच मिनिटं लागतात आणि पाना पण लागत नाही. ॲक्सल घोड्यांवर ठेवा, पिनियनच्या फ्लँजवर (शाफ्ट जोडतात ती चकती) खडूने खूण करा. एका बाजूचा हब कोणाला तरी घट्ट धरायला सांगा आणि दुसरा बरोबर दोन फेरे फिरवा (एकच बाजू फिरते म्हणून दोन). फ्लँज पाचला जरा कमी फिरली तर ४.८८, पाच ओलांडून तिसरा हिस्सा पुढे गेली तर ५.३८. गाडीला बसवलेला असेल तर पुढची चाकं उचलून, लिव्हर टू व्हीलला ठेवून हेच करा. आणि ड्रेन नट उघडून थोडं तेल बोटावर घ्या. विकणारा यातल्या कशालाही नको म्हणाला तर तिथूनच गाडी वळवा. पेंटने लिहिलेल्या आकड्यावर तर अजिबात जाऊ नका, पेंटचा डबा कोणाकडेही असतो.

मला ३९-८ चा सेट, बेअरिंग, सील आणि क्रॉस धरून अजून साडेसतरा हजार गेले. मिस्त्रींनी शिम (पातळ चकत्या) लावून, दातांना निळा रंग फासून मार्किंग बघत दोन रविवार घालवले आणि मजुरी घेतली नाही, वर म्हणाले "हाताने फिरवून घट्ट मीच म्हणालो होतो ना". परवा परत पठारावर गेलो, येताना लिव्हर एका बोटाने टू व्हीलला आली.

तो ४३-८ चा सेट गोठ्यात पडून आहे, दात चांगले आहेत. कोणाच्या सीजे ३बी ला लागत असेल तर घेऊन जा, भुसा धुऊन ठेवलाय. मोजून न्या मात्र.