दवाचा थेंब आणि क्लिपवाली मॅक्रो लेन्स

फोनच्या कॅमेऱ्यावर लावायच्या, अगदी जवळचं बारीक टिपणाऱ्या चार-पाचशे रुपयांच्या क्लिपवाल्या मॅक्रो लेन्सचा खरा कस लागतो तो थंडीतल्या सकाळी, दवाने भिजलेल्या हिरवळीवर. थेंब जेमतेम २ मिलिमीटरचा, उजेड तिरपा, आणि ऊन चढलं की तासाभरात सगळं गायब.

डबीत बहुधा एकमेकींवर फिरवून बसवलेल्या दोन लेन्स असतात. पुढची रुंद कोनाची, मागची मॅक्रो. पुढची काढल्याशिवाय मॅक्रोचं काम होत नाही. ‘सगळं धूसर येतं’ ही तक्रार बऱ्याचदा इथेच मिटते. फोनचं कव्हर काढून क्लिप मुख्य कॅमेऱ्याच्या बरोबर मध्यावर बसवा, जरा सरकली की कोपरा काळा येतो. झूम करू नका, कारण दोन-तीन कॅमेऱ्यांचे फोन परस्पर दुसऱ्या कॅमेऱ्यावर जातात. फ्लॅशही बंदच हवा. पान लेन्सपासून २-३ सेंटीमीटरवर असतं, त्यामुळे लेन्सचीच सावली त्यावर पडते. डबीवरचं ‘१५ एक्स’, म्हणजे पंधरा पट मोठं, फार मनावर घेऊ नये.

खरी गंमत थेंबातल्या उलट्या फुलाची. दूर्वेच्या टोकाला लोंबणाऱ्या थेंबामागे ४-५ सेंटीमीटरवर झेंडू असला, की तो थेंबात खाली डोकं वर पाय दिसतो. पण थेंबाच्या कडेवर फोकस केला तर फूल पुसट, आणि फुलावर केला तर कड पुसट. यात लेन्सचा दोष नाही. गोल थेंब हा स्वतःच एक भिंग असतो, आणि फुलाची प्रतिमा थेंबाच्या पोटात नाही, तर बाहेर, आपल्या बाजूला पडते. कडेपासून जवळजवळ थेंबाच्या व्यासाएवढी पुढे! एवढ्या जवळून मिलिमीटरभर खोलीच काय ती रेखीव येते. म्हणून आधी पडद्यावर थेंबाच्या कडेवर बोट दाबून फोकस लॉक करा, कोपर जमिनीला टेका आणि फोन दोनेक मिलिमीटर मागे घेत सलग दहा-बारा फोटो काढा. पडद्यावरची उजेडाची पट्टी थोडी खाली ओढा, नाहीतर थेंबातली सूर्याची ठिणगी पांढरीफटक होते.

पानाच्या टोकाला किंवा कडेने ओळीत बसलेले टपोरे थेंब बहुतेकदा दव नसतातच. ते पानाने आतून बाहेर टाकलेलं पाणी. दव म्हणजे पानभर पसरलेला बारीक शिडकावा. फोटोला टपोरे बरे, ही गोष्ट वेगळी. अळूच्या पानावर मेणट थर असतो, तिथे थेंब पाऱ्यासारखा घरंगळतो, आणि पानाला हात लागला की गेलाच. झाडाखाली किंवा गच्चीच्या पत्र्याखाली दव शोधू नका. रात्री उघड्या आभाळाकडे उष्णता निघून जाते तिथेच ते धरतं. जोराचा वारा असेल तर नाहीच.

उणिवा उघड आहेत. मधला भाग लख्ख येतो, कडा मऊ पडतात आणि त्यांना जांभळी किनार येते. थोडं लांबून घेऊन नंतर कापणं सोपं. कोळ्याच्या जाळ्यासारखा सपाट, पसरलेला विषय मात्र या लेन्सला झेपत नाही. शिवाय इतक्या जवळ तोंड नेलं की श्वासाने काच धुरकटते.

ज्या फोनचा रुंद कोनाचा कॅमेरा जवळून फोकस करतो, त्याला ही लेन्स नको. २ मेगापिक्सेलचा वेगळा ‘मॅक्रो’ कॅमेरा असलेल्या फोनवाल्यांनी जरूर घ्यावी. काचेची बघून घ्या, आणि पुसण्याआधी फुंकणीने माती उडवा. बागेतला एक कण फडक्यात अडकला तरी लेन्सवर कायमचा ओरखडा उठतो.